पाचव्या पानावरचं पुसलेलं कपाळ

माझ्या मोठ्या आईवर अन्याय झाला तो ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, राख सावडायला माणसं निघायच्या जरा आधी. पेपर ओट्यावर येऊन पडला, कोणीतरी घडी मोडली, पाचवं पान वर आलं, आणि त्या पानावर ती होती. नाव तिचं, नाक तिचं, उजव्या भुवईतला जुना व्रण तिचा. कपाळ मात्र तिचं नव्हतं. त्यावरचं कुंकू कोणीतरी पुसून टाकलं होतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. मला कळायला लागलं तेव्हापासून ती विधवा, आणि तेव्हापासूनच तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. आमच्या भावकीत ही दोन वाक्यं एकाच बाईबद्दल बोलता येत नाहीत. तिच्याबद्दल बोलावी लागत. शेलूबाजारच्या बाजारात ती भाजी घेऊन बसायची. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मोसमात वांगी, सगळं आमच्याच मळ्यातलं, तिनं स्वतः पाणी दिलेलं. गिऱ्हाइकांना तिचं नाव माहीत नव्हतं. "ते कुंकूवाली कुठं बसते?" असं विचारत लोक तिच्यापर्यंत यायचे.

का लावतेस म्हणून विचारलं की दर वेळी तिचं उत्तर वेगळं. भावकीतल्या बायांना सांगायची, "घाम डोयात उतरते, कुंकवानं अडते." एका महाराजांना तिनं सांगितलं होतं, "तुमी गंध लावता, म्या इचारलं का काहून लावता?" मला एकदाच नीट सांगितलं, तेही जुड्या बांधता बांधता, माझ्याकडे न बघता. "मरण त्याले आलं होतं, पोरी. मले कुठं आलं होतं?"

मी त्या वेळी विधवांच्या प्रश्नावर काम करायला लागले होते. अजूनही करते. पत्रकं लिहायची, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर, मंगरुळपीरच्या आजूबाजूच्या गावांत वाटायची, चार बायका जमल्या की बोलायचं. एका पत्रकासाठी मला मोठ्या आईचा फोटो हवा होता. बाजारात जाऊन मोबाइल काढला तर म्हणाली, "आधी जुडी घे, मंग फोटो काढ. फुकटात थोबाड नाही दाखवत मी." मी जुडी घेतली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक भाव पाडून मागायला लागलं, ती हातात सांबार धरून त्याच्यावर ओरडली, आणि मी नेमका तो क्षण टिपला. तोंड उघडं, डोळे वटारलेले, कपाळावर लाल. सुंदर फोटो होता. तिचा एकटीचा असा तेवढाच. बाकी सगळे लग्नातले, दुसऱ्यांच्या खांद्यामागचे.

पेपरातही तोच होता. पण ओरडणारं तोंड मिटवलेलं, हातातली सांबाराची जुडी कापलेली, मागे निळं आभाळ आणि ढग. आणि कपाळ कोरं, इतकं गुळगुळीत की तिथे कधी आठीही पडली नसावी. खाली मजकूर. श्रीमती अमुक अमुक यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. त्या अत्यंत धार्मिक, शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या.

शांत! मोठी आई!

मी दादाकडे पाहिलं. दादा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ. तो मडक्यात पाणी भरत होता. "दादा, हे काय केलंय?"

"आज नको बाई," तो म्हणाला. एवढंच.

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी पेपर एकमेकांकडे सरकवला. "फोटो चांगला आला." "हौ न. चेहरा पाह्य कसा समाधानी दिसून राह्यला." मी तिथून उठले. बसवेना. त्या दिवसापासून मला बसवतच नाही म्हटलं तरी चालेल.

तेव्हापासून मी ते पान रोज वाचते. बातम्यांच्या आधी. घरचे म्हणतात, सकाळी सकाळी मेलेली माणसं कायले पाहतं? मी माणसं पाहत नाही, त्यांचं काय केलंय ते पाहते. आमच्या जिल्ह्यात मेलं की प्रत्येक जण मनमिळाऊ होतो. भावाशी बांधावरून कोर्टात गेलेला मनमिळाऊ, सुनेला घराबाहेर काढणारी मनमिळाऊ. आजार अल्पसा असतो किंवा प्रदीर्घ असतो. दारू नसते, विष नसतं, बाळंतपणही नसतं. पुरुषांच्या अंगात कोट असतात. ज्यांनी जन्मात बंडीवर सदरा घातला नाही त्यांना पाचव्या पानावर निळा कोट आणि टाय. आणि बायका? नवऱ्याआधी गेली असेल तर कपाळभर कुंकू, हिरवं लुगडं, वर "अखंड सौभाग्यवती". जणू तिनं वेळेवर मरून काही कमावलं. नवऱ्यानंतर गेली असेल तर कपाळ स्वच्छ. एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेली ही दोन कपाळं तुम्हीही रोज बघता. बघता आणि पान उलटता.

कोण करतं हे? मला वाटलं होतं भावकी. भावकीवर राग काढायची मला सवय आहे. पण राख सावडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्सच्या दुकानात गेले आणि गोष्ट वेगळीच निघाली.

हे दुकान म्हणजे आमच्या भागातलं सगळं छपाईचं काम. लग्नपत्रिका तिथे, वाढदिवसाचे फ्लेक्स तिथे, माझी पत्रकं तिथे, आणि पेपरात द्यायच्या निधनाच्या जाहिरातीही तिथेच तयार होऊन पुढे जातात. दुकानवाला चाळिशीचा, बोलका, मला पत्रकांमुळे चांगला ओळखणारा. मोठ्या आईचा फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर आधीच होता, कारण माझं पत्रक त्यानंच छापलं होतं.

"दादानं सांगितलं होतं का कुंकू काढ म्हणून?" मी विचारलं.

"नाही वो ताई. ते बिचारे तं रडून राह्यले होते. म्या काही इचारलंच नाही."

"मग काढलं कोणी?"

"म्याच काढलं." त्याला प्रश्नच कळेना. "नवरा नाही न त्यायले. श्रीमती लिवलं की साफ करा लागते. नवरा जिता असला अन फोटोत कुंकू बारीक असलं तं मोठं करून देतो. माणूस असला तं कोट घालतो. हे पाहा." त्यानं मला कोट दाखवले. खरंच, रिकामे कोट, मान नसलेले, ओळीनं ठेवलेले. निळे, काळे, एक चॉकलेटी.

"पण माझ्या पत्रकावर तुम्हीच तिला कुंकवासकट छापलं होतं. त्या पत्रकात काय लिहिलं होतं वाचलं होतं ना?"

"वाचलं न. चांगलं लिवलं होतं तुमी." मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, पत्रक पत्रक असते अन निधन निधन असते. पत्रकात चालते."

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण तो पुढे बोलतच होता. म्हणाला, "दुःखातल्या माणसाले किती प्रश्न इचाराचे? नाव, वय, टाइम, लेकरं, सुना. तेवढ्यातच माणूस कोसयते. बाकीचं मी समजून करून घेतो. आजवर कोणी तक्रार नाही केली."

म्हणजे हे दुष्टपणानं झालं नव्हतं. मायेनं झालं होतं! कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही, हात सवयीनं फिरला आणि पुसून मोकळा झाला. मोठ्या आईच्या नवऱ्याच्या मयतीला भावकीतल्या बायांनीही तिचं कुंकू असंच पुसलं असणार, "होईल सवय, बाई" म्हणत, पाठीवरून हात फिरवत. त्या वेळी तिला तेरवीनंतर, तेरावं झाल्यावर, पुन्हा लावता आलं. या वेळी ती लावायला उरली नव्हती.

त्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मी शेलूबाजारला गेले. का गेले सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं, जीप समोर उभी राहिली, चढले.

तिची जागा रिकामी होती. रिकामी म्हणजे राखलेली. तिचा बारदाना अंथरलेला, चार कोपऱ्यांवर दगड. शेजारी मिरची-लसणाचं दुकान मांडून बसणारी मावशी, मोठ्या आईची बाजारातली सोबतीण, मला बघून लांबूनच बोलायला लागली.

"आली का पुतणी! बिमार हाये का ते? अवो निरोप तरी धाडा न. इथं लोकं जागेसाठी भांडून राह्यले, मी कोणाले टेकू देत नाही. तिले म्हणा, लवकर ये, नाहीतं मी कांदेवालीले बसवतो."

मी उभीच. माझी समजूत होती की बाजाराला कळलंय. इतक्या गिऱ्हाइकांपैकी कोणी ना कोणी सांगितलं असेल. पेपरात आलं म्हणजे जगाला कळलं, असंच धरून चाललो होतो आम्ही. पूर्वी मयतीचा सांगावा घेऊन माणूस सायकलवर गावोगाव जायचा, दारात उभा राहायचा, पाणीही न पिता पुढच्या गावाला निघायचा. आता ते काम पाचव्या पानावर सोपवलंय.

"मावशी, ती गेली," मी म्हटलं. "पेपरात आलं होतं."

"कोण गेली?"

"मोठी आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या रद्दीकडे. मिरच्या बांधायला ती जुने पेपर घेते. मीच तो गठ्ठा चाळला. पान सापडायला वेळ लागला नाही. त्याचा एक कोपरा फाडून नेलेला होता, फोटो शाबूत होता. मी बोट ठेवलं.

मावशीला वाचता येत नाही; तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "हा? हा फोटो तं म्या पाह्यला," ती म्हणाली. "मंगाशीच पाह्यला. म्हटलं, कोणाची गरीब माय गेली बिचारी."

मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तिच्या हातातलं माप खाली पडलं. "अन याच पानात पुडी बांधली म्या," ती म्हणाली. "हिच्याच पानात मिरचीची पुडी बांधून देल्ली, माये."

आजूबाजूच्या बाया उठून आल्या. फोटो बघून प्रत्येक बाई म्हणायची, "हे नव्हे ते." एक तर माझ्यावरच चिडली, "दुसऱ्याच बाईचा फोटो दाखवून राह्यली, पोट्टी." आणि मावशी रडता रडता उसळून म्हणाली, "मले माती द्याले भेटली नाही तिले. तेरवी तरी हाये का झाली?"

"व्हायची आहे."

"येतो आमी. पण तुया भावाले सांग, आमाले तिचं तोंड दाखवा लागते. हे नाही."

मी तशीच मळ्यात गेले. दादा वांग्याला पाणी देत होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मी बांधावरूनच सुरू केलं. बाजारातल्या बायांना कळलंच नाही, जागा राखून बसल्या होत्या, फोटो बघूनही ओळखलं नाही. तेरवीच्या जाहिरातीत खरा फोटो छाप. तिचा फोटो, तिच्या कपाळाचा.

"पेपरात देल्लं होतं न," तो म्हणाला.

"तिचं कपाळ पुसून दिलं होतं."

"म्या नाही सांगतलं त्याले."

"मग पाहिल्यावर सांगायचं होतं. गप्प का बसलास?"

त्यानं फावडं मातीत रोवलं. "तू कितवीत होतीस मले चिडवत होते तवा? जन्मली तरी होतीस का? शाळेत पोट्टे इचारत, तुया मायनं दुसरा केला का बे? कोणाच्या नावाचं लावते? मास्तर आयकून हासे. माया लग्नाच्या वक्ती सोयऱ्यायनं इचारलं, तुमची माय असं काहून करते? जिंदगीभर आयकून राह्यलो. ते मस्त राह्यली, तिले काही नाही लागलं. मले लागलं. एक दिवस पेपरात ते सगळ्यायच्या मायसारखी दिसली, तं तुया पोटात काहून दुखून राह्यलं?"

माझ्या पत्रकातली सगळी उत्तरं "समाजाने" या शब्दापासून सुरू होतात, आणि समोर समाज नव्हता, चिखलात उभा असलेला माझा भाऊ होता. मला त्याची दया आली आणि त्याचा रागही तेवढाच आला. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट बोलतो. मी म्हटलं, "सगळ्यांच्या मायसारखी दिसली, म्हणूनच तिला कोणी ओळखलं नाही. तुझ्या मायला तिच्या सोबतिणीनं 'कोणाची तरी माय' म्हटलं आणि पान फाडून मिरची बांधली."

दादानं रोवलेलं फावडं उपसलं. मग म्हणाला, "बाजूला हो. पाणी त्या अंगाले चाललं."

तेरवीची जाहिरात आली. तोच फोटो.

तेरवीला अंगणात मांडव घातला होता. खुर्चीवर फ्रेम, फ्रेमला हार, आणि फ्रेममध्ये पुन्हा तेच कोरं कपाळ, कारण फ्रेमही त्याच दुकानातून आलेली. बाजारातल्या बाया जीप भरून आल्या. उतरल्या त्या थेट खुर्चीपुढे. मिरचीवाल्या मावशीनं फोटोकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "बापू, तुया मायचा फोटो कुठं हाये?"

दादा पुढे झाला. "हा काय, मावशी."

"हे?" मावशी वाकून बघायला लागली. "हे तं कोणाले एक शिवी देणार नाही अशी दिसते."

कांदेवाली फस्सकन हसली. मग सगळ्याच हसल्या, तेरवीच्या मांडवात, पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. आमचा एक चुलता पुटपुटला, "काही लाजलज्जा?" दादाचं तोंड पडलं. तो घरात निघून गेला.

मी मोबाइल काढला. मूळ फोटो उघडला आणि मावशीच्या हातात दिला. ती बघतच राहिली. "हां," म्हणाली. "हे. हे पाहा कशी आ करून राह्यली."

मग तो मोबाइल हातोहात फिरला. "मले भर बाजारात वजनात चोट्टी म्हटलं होतं हिनं." "अन तुयी सून बाळंतीण झाली तवा मेथी कोण धाडे रोज?" "तेच धाडे. वाळकी धाडे पण, चांगली इकून टाके." हसू आणि रडू एकाच तोंडातून. मधेच स्क्रीन काळी व्हायची, "गेली, गेली, लाव वो पोरी," असं सगळ्या ओरडायच्या, मी आकडे दाबून पुन्हा उघडायची, पुन्हा लाल कपाळ उजळायचं, पुन्हा नवी बाई छाती पिटून घ्यायची. पेपर आल्यापासून आमच्या घरात सगळे शहाण्यासारखे वागत होते. मोठी आई गेल्याचं खरं दुःख मी त्या दुपारी पाहिलं, त्या तळहाताएवढ्या काचेवर. आमचे लोक पंगतीत जिलेबी वाढत होते.

दादा दारात येऊन उभा होता. किती वेळ, मला माहीत नाही. बाया जेवून गेल्यावर तो माझ्याजवळ आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो फोटो मले धाडजो."

मी पाठवला. त्यानं उघडून पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या. फ्रेम बदलली नाही. मी विचारलं नाही. मला विचारायचं असतं, रोज, पण चिखलात उभा असलेला तो आठवतो आणि मी पुन्हा ते पान उघडते.

आता वर्ष होत आलं. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात द्यायची वेळ. आज पत्रकाच्या कामानं दुकानात गेले होते. दुकानवाल्यानं खुर्ची पुढे केली. म्हणाला, "ताई, तुमी तवा इचाराले आल्या तवापासून मी इचारतो बरं का. कोणी बाईची जाहिरात घेऊन आलं की इचारतो, कुंकू ठेवाचं का काढाचं?"

"काय म्हणतात?"

"काढून टाक म्हणते. लगेच. वर पाहातबी नाही." मग थांबून म्हणाला, "काल तुमचे दादा आले होते. त्यायलेबी इचारलं."

"मग?"

"म्हणे, उद्या सांगतो."

कालचा तो उद्या म्हणजे आज. तो आला नव्हता. मी दुकानात बसून राहिले, मग उठले, मग रस्त्यावर जाऊन आले, पुन्हा बसले. तो आला नाही. मी वाट बघतेय. दादा काय सांगेल मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या खुर्चीत बसून इतर लोक वर न बघता उत्तर देऊन निघून जातात, आणि माझ्या भावाला आपल्या मायच्या कपाळाबद्दल एक दिवस विचार करावासा वाटला.

तुम्हालाही त्या खुर्चीत बसायचं आहे. कधी ना कधी प्रत्येकाला बसायचं आहे, रडून डोळे सुजलेले असताना, घरी पाहुणे खोळंबलेले असताना. समोरचा माणूस मायेनं विचारेल, किंवा विचारणारही नाही आणि हात फिरवेल. तेव्हा तुम्हाला सुचणार नाही. म्हणून आता, हे वाचून झाल्यावर, पेपर खाली ठेवा आणि घरातल्या बाईला हाक मारा. आई असो, आजी असो, काकू असो. तिला विचारा, तुझा कोणता फोटो तुला तुझा वाटतो? ती चिडेल, अभद्र बोलू नको म्हणेल. चिडू द्या. तिनं दाखवलेला फोटो तुमच्या मोबाइलवर ठेवा. तुमची वेळ आली की तोच द्या, आणि दुकानवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा: हात लावू नका.